पूर्वेच्या किनाऱ्यावरचा सूर्यास्त

प्रश्न : माझा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. मध्यंतरी त्यांचं जहाज ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात लागलं होतं. त्याने तिथला सूर्यास्ताचा फोटो पाठवला. सूर्य चक्क पाण्यात बुडताना दिसतो. मी नकाशा काढून बसलो. ब्राझीलचा सगळा किनारा पूर्वेकडे, मग सूर्य समुद्रात मावळेल कसा? दुसऱ्या फोटोत गाव दोन मजल्यांचं दिसतं. खाली बंदर, वर चर्च आणि जुने वाडे, मधे एक उंचच उंच लिफ्ट. असं गाव कुणी वसवलं, आणि का?
(एक वाचक, मालवण)

उत्तर : तुमचे चिरंजीव थट्टा करत नाहीत आणि तुमचा नकाशाही बरोबर आहे. ब्राझीलचा किनारा पूर्वेकडेच तोंड करून आहे. साल्वादोर मात्र त्या किनाऱ्याकडे पाठ करून बसलं आहे. नकाशा जरा मोठा करून बघा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला १३ अंशांच्या आसपास किनाऱ्याची रेघ तुटते आणि समुद्र आत घुसून हजार चौरस किलोमीटरहून मोठा उपसागर तयार होतो. त्याच्या तोंडाशी जमिनीची एक त्रिकोणी जीभ दक्षिणेकडे उतरते. तिच्या पूर्वेला खुला अटलांटिक आणि पश्चिमेला हा उपसागर. जुनं साल्वादोर वसलं ते या जिभेच्या पश्चिम कडेवर. म्हणून तिथे सूर्य गावाच्या पाठीमागून उगवतो आणि बंदराच्या बाजूला मावळतो. समोर इतापारिका नावाचं लांबट बेट आहे खरं, पण ते इतकं सखल की मावळतीला आडवं येत नाही. जिभेच्या टोकाला बार्रा नावाची जागा आहे. तिच्या जवळच्या खडकाळ पाण्यात १६६८ साली साक्रामेंतू नावाचं मोठं पोर्तुगीज गलबत फुटून शेकडो माणसं बुडाली. पुढे १६९८ मध्ये तिथल्या किल्ल्यात दिवा लागला. आज त्याच दीपस्तंभाच्या पायथ्याशी सूर्यास्त बघायला गर्दी होते. फोटो बहुधा तिथलाच असावा.

आता दोन मजल्यांचं. गावाखालची ही पायरी पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची, सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीची आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकींपासून सुटू लागल्या तेव्हा जमीन एकाच रेषेत फाटली नाही. मुख्य भेग पुढे अटलांटिक झाली. तिची एक शाखा ब्राझीलच्या पोटात शिरली, थोडी रुंदावली आणि मधेच थांबली. त्या अर्धवट भेगेत पश्चिमेकडची जमीन खाली खचत गेली, तिच्यावर काही किलोमीटर जाडीचा गाळ साठला, आणि पुढे समुद्राची पातळी वाढल्यावर तिच्या सखल भागात पाणी भरलं. तोच आजचा उपसागर. पूर्वेकडचा जुना कठीण खडक मात्र जागचा हलला नाही. खचलेल्या आणि न खचलेल्या जमिनीच्या सांध्यावर जो कडा उरला, त्याच्या माथ्यावर वरचं गाव आहे आणि पायथ्याशी खालचं. दोहोंत ६० ते ८० मीटरचा फरक आहे. याच खचलेल्या खोऱ्यात, साल्वादोरच्या लोबातू नावाच्या उपनगरात, १९३९ साली ब्राझीलमधलं पहिलं खनिज तेल सापडलं. व्यापारी प्रमाणात काढण्याजोगं तेल दोन वर्षांनी, जरा उत्तरेला कांदेयास इथे मिळालं.

पोर्तुगीज इथे प्रथम आले ते १५०१ च्या १ नोव्हेंबरला. कॅथलिक पंचांगात तो सर्व संतांचा दिवस, म्हणून उपसागराला नाव दिलं ‘सर्व संतांचा उपसागर’, पोर्तुगीजमध्ये बाइआ द तोदूस उस सांतूस. त्यातल्या ‘बाइआ’वरूनच सगळ्या प्रांताला बाहिया म्हणू लागले. पण नाव देऊन ते निघून गेले. पुढची काही दशकं इथे तुपिनांबा लोकांचंच राज्य होतं, आणि त्यांच्यात राहणारा एक गोरा. दियोगो आल्वारिस नावाचा हा माणूस १५१० च्या आगेमागे जहाज फुटून किनाऱ्याला लागला. तुपिनांबांनी त्याला मारलं नाही. ते त्याला कारामुरू म्हणू लागले. त्याने त्यांच्या मुखियाच्या मुलीशी, पाराग्वासूशी, लग्न केलं आणि संसार थाटला. १५२८ मध्ये फ्रान्सच्या सँ-मालो बंदरात तिचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. पोर्तुगिजांच्या पुढच्या सगळ्या खटाटोपात हा कारामुरू दुभाषा आणि मध्यस्थ होता. तो नसता तर साल्वादोर वसायला आणखी कित्येक वर्षं लागली असती असं माझं मत आहे.

१५३० च्या दशकात राजा तिसऱ्या जुआंवने ब्राझीलचा किनारा पट्ट्यांमध्ये कापून जहागिरी म्हणून वाटला. बाहियाचा पट्टा मिळाला भारतात लढून आलेल्या फ्रान्सिश्कू पेरेरा कुतिन्यू याला. त्याने बार्राजवळ, उपसागराच्या तोंडाशी उघड्यावर वस्ती केली. उसाची लागवड, मजुरीची सक्ती, मग तुपिनांबांशी लढाई, असं सगळं रीतसर घडलं. शेवटी तो पळाला आणि परतताना त्याचं जहाज नेमकं इतापारिका बेटावर फुटलं. १५४७ मध्ये बेटावरच्या लोकांनी त्याला मारलं, आणि पोर्तुगीज बखरी सांगतात त्याप्रमाणे खाल्लंही.

या प्रकारानंतर राजाने जहागिरदारांचा नाद सोडून सगळ्या ब्राझीलवर एक गव्हर्नर जनरल नेमला. त्याचं नाव तोमे द सोझा. डिसेंबर १५४८ च्या लेखी हुकमात स्पष्ट होतं की जुनी वस्ती सोडा, उपसागरात आणखी आत जा, गोडं पाणी असेल आणि बचाव करता येईल अशी जागा शोधा. २९ मार्च १५४९ ला सोझा हजारेक माणसं घेऊन उतरला. शिपाई, गवंडी, सुतार, देशोधडीची शिक्षा झालेले गुन्हेगार, आणि मानुएल द नोब्रेगा हा पाद्री धरून सहा जेझुइट. लुईश दियश नावाचा मुख्य गवंडी बरोबर होता. त्याने कड्याच्या माथ्यावर दोरी धरून रस्ते आखले. पहिल्या भिंती कुटलेल्या मातीच्या आणि पहिली घरं गवताने शाकारलेली होती.

माथाच का? तर भीतीमुळे. समुद्राकडून फ्रेंच चाचे येत आणि जमिनीकडून तुपिनांबा. पश्चिमेला कडा, पूर्वेला ओढा आणि दलदल, मधे ही अरुंद सोंड. दोन्हीकडून आपोआप तटबंदी. येणारं प्रत्येक शीड वरून दिसायचं. कड्याच्या पोटातून झरे वाहत होते. आणि खाली, कडा व पाणी यांच्यामधे, गोदामं आणि जहाजांची दुरुस्ती यांना पुरेल एवढी चिंचोळी पट्टी होती. पोर्तुगिजांना हे नवं नव्हतं. लिस्बनला किल्ला आणि मुख्य चर्च टेकडीवर, आणि पायथ्याशी बंदर. फक्त लिस्बनला चढण होती आणि इथे सरळ भिंत.

खालची पट्टी किती चिंचोळी होती हे आज कळत नाही, कारण चार शतकं भराव टाकून ती रुंद केली आहे. आधुनिक बंदर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालं ते भरावावरच. किनाऱ्यासमोर पाण्यात जो गोल किल्ला दिसतो, तो सतराव्या शतकातला सांव मार्सेलू. खालच्या गावातलं कोंसेइसांव द प्रायाचं चर्च अठराव्या शतकातलं. त्याचा दगड पोर्तुगालमध्ये घडवून, तुकड्यातुकड्याला क्रमांक घालून जहाजांतून आणला आणि इथे जोडला. अख्खं चर्च असं आणवणाऱ्या गावाकडे किती पैसा खेळत असेल!

तो पैसा साखरेचा होता. उपसागराच्या भोवतीच्या अर्धवर्तुळाकार पट्ट्याला रेकोंकावो म्हणतात. तिथली काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी माती उसाला फार मानवते. ऊस तोडल्यावर एकदोन दिवसांत गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो. म्हणून प्रत्येक चरक उपसागराच्या काठाला किंवा त्यात मिळणाऱ्या नदीच्या काठाला असे, आणि साखरेच्या पेट्या शिडाच्या होड्यांतून थेट साल्वादोरच्या धक्क्याला लागत. रस्ते जवळजवळ नव्हतेच. उपसागर हाच रस्ता. साखर युरोपला जाई, पण ऊस तोडणारे, चरकात घालणारे आणि कढईजवळ भाजून निघणारे हात आफ्रिकेतून येत. तीन शतकांत बाहियाच्या किनाऱ्यावर १२ लाखांहून अधिक आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली. तेवढी माणसं अमेरिका खंडातल्या फार थोड्या बंदरांनी पाहिली असतील.

कडा शत्रूला अवघड होता तसा तो मालालाही अवघड होता. धक्क्यावर उतरलेलं प्रत्येक पिंप, प्रत्येक पेटी, पाण्याचा प्रत्येक घडा वर न्यायचा कसा? तीव्र चढाच्या वाटा होत्या. त्यांवर बैलगाडी टिकत नसे, आणि पावसात, म्हणजे तिकडच्या एप्रिल ते जूनमध्ये, कड्याचे भाग कोसळत. जेझुइटांनी आपल्या मठासाठी उतरत्या फळ्यांवरून दोराने ओढायची यारी बसवली होती. बाकी सगळं माणसाच्या डोक्यावर आणि खांद्यावर. श्रीमंतांचं जाणंयेणंही खांद्यावरच. पडदे लावलेली पालखीवजा खुर्ची, पुढे एक गुलाम, मागे एक. घरात गाडी नसली तरी चालेल, खुर्ची हवीच.

१८३५ च्या सुमाराला गावात सुमारे ६५ हजार माणसं होती आणि त्यांतली दहातली चार गुलाम. गावातल्या गुलामगिरीची रीत मळ्यापेक्षा वेगळी होती. मालक गुलामाला सकाळी रस्त्यावर सोडत. त्याने हमाली करावी, आठवड्याला ठरलेली रक्कम मालकाला द्यावी, वर उरेल ते त्याचं. काहीजण वर्षानुवर्षं पैसे साठवून स्वतःला मालकाकडून विकत घेत. या हमालांना गान्यादोर म्हणत. एकेका चौकात एकेका टोळीचा ठिय्या असे. त्याला कांतो म्हणत, आणि टोळीवर त्यांचाच निवडलेला मुकादम. टोळ्या बहुतेक एका भाषेच्या, एका मुलखाच्या माणसांच्या होत्या. पश्चिम आफ्रिकेतले योरुबा तर इथे फारच मोठ्या संख्येने. वासे खांद्यांवर घेऊन आठ-आठ जण गात गात पिंप चढवत, असं परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे. त्या गाण्याचं प्रवाशांना फार कौतुक. चढाबद्दल लिहावंसं मात्र थोड्यांनाच वाटलं.

याच माणसांनी गावाला दोनदा आपली ताकद दाखवली. पहिल्यांदा २५ जानेवारी १८३५ च्या पहाटे, रमजानच्या अखेरीला, मुस्लिम आफ्रिकी गुलामांनी आणि मुक्त झालेल्यांनी उठाव केला. त्यांना माले म्हणत. अरबी मजकुराच्या चिठ्ठ्या गळ्यात बांधून सुमारे ६०० जण रस्त्यावर उतरले. काही तासांत उठाव चिरडला गेला, ७० च्या आसपास माणसं मेली, आणि पुढे फटके, देहदंड, आफ्रिकेत हद्दपारी. दुसऱ्यांदा जून १८५७ मध्ये. नगरपालिकेने फर्मान काढलं की प्रत्येक गान्यादोराने नाव नोंदवावं, फी भरावी आणि क्रमांकाचा धातूचा बिल्ला गळ्यात घालावा. हमालांनी ओझं खाली ठेवलं. आठवड्याहून अधिक काळ बंदरावरचा माल बंदरावर राहिला आणि पालखीखुर्च्या जागच्या हलल्या नाहीत. व्यापाऱ्यांनीच आरडाओरडा केला, आणि पालिकेला फी मागे घ्यावी लागली. गुलाम आणि मुक्त कामगारांनी मिळून केलेला हा संप कामगार चळवळीच्या इतिहासात पहिल्या पानावर यायला हवा. आपल्याकडे तो कुणाला ठाऊक नाही.

तुमच्या फोटोतली लिफ्ट या पार्श्वभूमीवर बघा. १८५० मध्ये ब्राझीलने आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर खरोखरीची बंदी घातली. गुलामांच्या किमती चढल्या, आणि दक्षिणेतले कॉफीचे मळेवाले बाहियातून माणसं विकत नेऊ लागले. १८५५ च्या पटकीच्या साथीने आणखी खांदे कमी केले. मग आंतोनियू द लासेर्दा या उद्योजकाला कड्यावर यंत्र बसवणं परवडेल असं दिसलं. पाण्याच्या दाबावर चालणारी त्याची लिफ्ट ८ डिसेंबर १८७३ ला सुरू झाली, खालच्या त्या चर्चच्या सणाच्या दिवशी. १९०६ मध्ये तिला वीज मिळाली, १९३० मध्ये आजचा ७२ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. अर्ध्या मिनिटात माणूस खालून वर. स्वस्त खांदे मिळत होते तोवर तीनशे वर्षं कुणाला लिफ्टची निकड वाटली नाही, असा माझा या सगळ्याचा अर्थ. ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्याने संपली ती मात्र लिफ्टनंतर १५ वर्षांनी, १३ मे १८८८ ला.

प्रश्न : काजू ब्राझीलहून गोव्यात आला हे शाळेत शिकलो. मग इकडून तिकडे काही गेलं की नाही? गोवा आणि साल्वादोर ही दोन्ही पोर्तुगीज राजधान्या, त्यांचा आपसात संबंध होता का?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : भरपूर होता, आणि तो वाऱ्याने जोडला होता. लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालायचा तर आफ्रिकेच्या कडेकडेने जाऊन भागत नाही, वारा उलटा पडतो. म्हणून जहाजं अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे मोठी कमान घेत आणि ब्राझीलच्या बाजूने खाली उतरून मग पूर्वेला वळत. १५०० साली पेद्रू आल्वारिस काब्राल १३ जहाजं घेऊन भारताकडे निघाला. त्याची कमान जरा जास्तच पश्चिमेला गेली, आणि २२ एप्रिलला त्याला जमीन दिसली. तो आजच्या बाहिया राज्याचाच, पण साल्वादोरच्या बऱ्याच दक्षिणेचा किनारा. एक जहाज बातमी घेऊन लिस्बनला परत पाठवलं आणि बाकीची कालिकतच्या वाटेला लागली. म्हणजे पोर्तुगिजांच्या लेखी ब्राझील सुरुवातीला भारताच्या वाटेवरचा थांबा होता.

गोव्याहून परतणारी जहाजं डिसेंबर-जानेवारीत सुटत. केपचा वळसा होईपर्यंत पाणी संपत आलेलं, फळ्या सुटू लागलेल्या, निम्मे खलाशी आजारी. साल्वादोर वाऱ्याच्या ओघातच पडे. मुळात वाटेत ब्राझीलला थांबायला मनाई होती, कारण राजाला आपला माल मधे कुठे फुटायला नको होता. पण ‘जहाज गळतंय’ म्हटलं की कोण अडवणार? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर हा थांबा नेमाचाच झाला. जहाजं साल्वादोरच्या गोदीत दुरुस्त होत, आणि बाहियाचं टिकाऊ लाकूड वापरून भारताच्या फेऱ्यांसाठीची काही जहाजं तिथेच बांधलीही गेली. खलाशांना स्वतःच्या पेट्या नेण्याची मुभा होती. त्या पेट्यांतून आणि त्यांच्या आडून गुजरातचं सुती कापड, चिनी भांडी आणि गोव्यात कोरलेल्या हस्तिदंती मूर्ती ब्राझीलमध्ये उतरत. यातल्या कापडाचा एक वाटा पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला वापरला जाई. दीव-दमणहून मोझांबिकला जाणाऱ्या कापडाचंही तेच. भारतीय विणकरांच्या कौशल्याचा गौरव करताना हा धागा आपण सहसा वगळतो.

उलट दिशेने येई ती तंबाखू. साल्वादोरसमोरून नदीने आत गेलं की काशुएरा लागतं. त्या भागातली चांगली तंबाखू लिस्बनला जाई. हलक्या प्रतीची काकवीत बुडवून तिचे दोर वळत, आणि आजच्या बेनिनच्या किनाऱ्यावर त्याला इतकी मागणी होती की बाहियाचे व्यापारी लिस्बनला न विचारता थेट आफ्रिकेशी व्यवहार करत. बाहियाची तंबाखू गोव्यालाही येई. गोव्यात तंबाखूची विक्री हा सरकारी मक्ता होता, तिजोरीचं मोठं उत्पन्न त्यावर चाले, आणि तो मक्ता बहुतेक वेळा सारस्वत व्यापारी घेत. धर्मसत्तेचा जाच सोसणारे हे व्यापारी त्याच राज्याच्या खजिन्याचा आधार होते.

झाडांचं सांगतो. काजू आणि अननस तिकडून आले. इकडून गेले ते आंबा, फणस आणि माड. माड सोळाव्या शतकाच्या मध्यास आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरून बाहियात पोचला, पण अटलांटिकच्या किनाऱ्यांवरचे माड मुळात हिंदी महासागराकडचे आहेत हे जनुकीय तपासणीतून दिसलं आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीला राजाने मिरी आणि दालचिनीची रोपंही बाहियाला पाठवली. डचांनी मसाल्याचे मुलूख बळकावल्यावर ब्राझीलमध्येच मसाले पिकवायचा तो बेत होता. जेझुइटांनी साल्वादोरच्या आपल्या बागेत रोपं लावली, पण त्यातून मोठा व्यापार काही उभा राहिला नाही. फणसाने मात्र असा जम बसवला की ब्राझीलच्या जंगलांत तो आता आगंतुक म्हणून नकोसा झाला आहे. बाहियाचं प्रसिद्ध मोकेका म्हणजे माशाचं कालवण. त्यात नारळाचं दूध आपल्याकडचं आणि देंदे नावाचं लालभडक पामतेल आफ्रिकेतलं. कोथिंबीरही घालतात. फोंड्याच्या माणसाला ते पहिल्या घासाला परकं लागेल, दुसऱ्याला नाही.

आणि माणसं? अधिकारी दोन्हीकडे फिरत. तोमे द सोझाचा चुलतभाऊ मार्तिम आफोंसू द सोझा १५३० च्या सुमारास ब्राझीलच्या मोहिमेवर होता. १५४२ ते १५४५ या काळात तो गोव्यात गव्हर्नर होता. आंजेजाचा मार्क्विस १६९० च्या दशकात गोव्यात व्हाइसरॉय होता आणि १७१४ मध्ये तोच साल्वादोरला व्हाइसरॉय म्हणून आला. वास्कू फेर्नांदिश सेझार द मेनेझिस १७१२ ते १७१७ गोव्यात होता. कान्होजी आंग्र्यांचं आरमार कोकण किनाऱ्यावर जोरात होतं तो हा काळ. तिथून सुटून तो १७२० पासून १५ वर्षं साल्वादोरला राहिला. १७२४ मध्ये त्याने ब्राझीलमधली पहिली साहित्यसभा भरवली. सभासदांनी तिला नाव दिलं ‘विसरलेल्यांची अकादमी’. लिस्बन आपल्याला विचारत नाही ही तक्रार साहेबासमोर मांडायची ही चांगली तऱ्हा होती.

प्रश्न : ब्राझीलची जुनी राजधानी म्हणून आपण रिओचंच नाव ऐकतो. साल्वादोरकडून राजधानी का गेली? डचांनी हे शहर घेतलं होतं असं वाचलं, ते खरं का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : खरं आहे, पण तो मुक्काम वर्षभराचाच. मे १६२४ मध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीचं आरमार याकोब विलेकेन्स आणि पीट हाइन यांच्या हाताखाली उपसागरात शिरलं. कडा, तोफा, तट, सगळं जागेवर होतं. पण रात्री बचाव करणारेच पळून गेले, आणि सकाळी डचांना गाव जवळजवळ मोकळं मिळालं. त्या वेळी पोर्तुगालवर स्पेनच्या राजाचीच सत्ता होती. १६२५ मध्ये फादरिके दे तोलेदो याने पन्नासेक जहाजं आणि १२ हजार माणसं आणून वेढा घातला आणि गाव परत घेतलं. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात याचं मायनोने काढलेलं मोठं चित्र आहे. विजयाच्या चित्रात पुढच्या भागात काय असावं? किनाऱ्यावर एक जखमी शिपाई आणि त्याची शुश्रूषा करणारी बाई. सेनापती मागे आहे. डच पुढे १६३८ मध्ये पुन्हा आले, पण तेव्हा गावाने दाद दिली नाही.

राजधानी गेली ती सोन्यामुळे. १६९० च्या दशकात आतल्या मिनास जेराइसमध्ये सोनं सापडलं, पुढे हिरे. तिथून जवळचं बंदर रिओ. शिवाय दक्षिणेत स्पॅनिश मुलखाशी सीमेचे तंटे चालू होते, त्यावर लक्ष ठेवायला साल्वादोर फार लांब पडे. कॅरिबियन बेटांच्या साखरेने बाहियाचा भाव आधीच पाडला होता. १७६३ मध्ये व्हाइसरॉयचं ठाणं रिओला हललं. २१४ वर्षं राजधानी राहिलेल्या गावाला प्रांताचं गाव व्हावं लागलं. पैसा ओसरल्याने जुनी घरं पाडून नवी बांधायची ऐपत कुणाला उरली नाही. पेलोरिन्योचा भाग बऱ्याच प्रमाणात वाचला त्याचं हेही एक कारण असावं. पेलोरिन्यो म्हणजे ज्या खांबाला बांधून गुलामांना जाहीर फटके मारत तो. आज तो भाग रंगीत घरांसाठी प्रसिद्ध आहे आणि १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीयांनी अठराव्या शतकात आपल्या कष्टाच्या पैशातून बांधलेलं रोझारीचं चर्च तिथे उतारावर आहे. आधी ते बघावं, मग सांव फ्रान्सिश्कू चर्चमधलं सोनं.

रिओच्या तोऱ्याला साल्वादोरकडे एक उत्तर आहे. ब्राझीलचा स्वातंत्र्यदिन ७ सप्टेंबर, कारण १८२२ मध्ये त्या दिवशी राजपुत्र पेद्रूने दक्षिणेत घोषणा केली. पण साल्वादोरमध्ये पोर्तुगीज फौज अजून ठाण मांडून होती. जनरल मादेरा द मेलू कड्यावर सुरक्षित होता, समुद्रही सुरुवातीला त्याच्याच हाती. मग रेकोंकावोच्या गावांनी, काशुएराच्या पुढाकाराने, उपसागराची रसद तोडली. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या नकाशातली हीच खोच होती. वरच्या गावात काही पिकत नाही, सगळं अन्न होडीने येतं. पुरुषाचा वेश करून फौजेत भरती झालेली मारिया कितेरिया याच लढाईतली. बाहेरून लॉर्ड कॉक्रेनच्या हाताखालच्या ब्राझीलच्या आरमाराने समुद्र आवळला, आत उपासमार सुरू झाली, आणि २ जुलै १८२३ च्या पहाटे मादेरा द मेलू जहाजांत बसून निघून गेला. त्याच दिवशी विजयी फौज, बरीचशी अनवाणी आणि फाटक्या कपड्यांतली, जमिनीच्या बाजूने गावात आली. बाहियात २ जुलैला सरकारी सुट्टी असते. मिरवणूक अजूनही लापिन्याच्या चौकातून, त्या फौजेच्याच वाटेने निघते, आणि तिच्यात रथावर मूलनिवासी पुरुष आणि स्त्री यांच्या मूर्ती असतात, ज्यांना तिथे काबोक्लू आणि काबोक्ला म्हणतात. गर्दीतले लोक त्यांच्यापुढे फुलं, फळं आणि मागण्यांच्या चिठ्ठ्या ठेवतात.